गेलेल्यांचं मनोगत

आमच्या मंडळाचा मेळावा कोजागरीला असतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर तो भरतो. मालक आता परदेशी असतात, पण गच्चीची किल्ली दरवर्षी न मागता आमच्याकडे पोचते. आरती होते, चिटणीस म्हणून मी अहवाल वाचतो, खजिनदार जमाखर्च वाचतात, नव्या कार्यकारिणीसाठी टाळ्या पडतात. पाऊण तासात हे सगळं उरकतं आणि त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. त्यानंतरचा अर्धा तास मात्र मी वर्षभर मनात घोळवत असतो. पत्रिकेवर त्याला 'गेलेल्यांचं मनोगत' म्हणतात. आमच्याकडून खेळून पुढे सामेवाल्यांच्या, म्हणजे समोरच्या, संघात गेलेल्या एका माणसाला आम्ही मानाने बोलावतो, पुढच्या रांगेत बसवतो आणि बोलायला लावतो.

याची सुरुवात फुटबॉलपासून झाली. तेव्हा आमच्या पोरांचा संघ पोलो ग्राउंडवर खेळायचा. पिवळे टी-शर्ट होते, पाठीवरचे आकडे वहिनींनी घरी कापडाचे कापून शिवलेले. त्यात आमचा नऊ नंबर होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. डाव्या पायाने मारायचा. शाळेत असल्यापासून आमच्यातच वाढलेला. त्याचे बूट मंडळाच्या पैशांतून घेतलेले, गुडघा सुजला तेव्हा त्याला सायकलवर डबलसीट दवाखान्यात नेणारा मी. आणि एका वर्षी तो सामेवाल्यांकडे गेला. तिकडच्या एका माणसाने त्याला कारखान्यात कायमची नोकरी लावून दिली होती. वडील नव्हते, धाकट्या दोन बहिणी होत्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्याच मोसमात आमची त्यांच्याशी गाठ पडली. तो आमच्या बाजूला कॉर्नर घ्यायला आला तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला, आईवरून बोलले, कुणीतरी चिखलाचा गोळा मारला. तो त्याच्या खांद्याला लागला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, अडवू शकलो असतो, अडवलं नाही. बार्सिलोनाचा फुटबॉलपटू लुईस फिगो 2000 साली कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला आणि 2002 मध्ये जुन्या मैदानावर कॉर्नर घ्यायला आला, तेव्हा गर्दीतून डुकराचं मुंडकं आलं. ती बातमी पुष्कळ वर्षांनी मी वाचली तेव्हा बाकीच्यांसारखं मला नवल वाटलं नाही. मला आमच्या मैदानाची ती कडा दिसली आणि त्याच्या पिवळा नसलेल्या खांद्यावरचा चिखल.

त्या सामन्यात त्यानेच गोल मारला. एकुलता एक. आणि मारल्यावर तो जागच्या जागी उभा राहिला, हात खाली सोडून. त्याच्या नव्या संघाची पोरं अंगावर येऊन पडली, हा आपला खांबासारखा उभा. आम्ही त्याचा अर्थ 'माज' असा लावला. त्या कोजागरीच्या यादीतून त्याचं नाव मी स्वतः खोडलं.

ते अण्णांना कळलं. अण्णा तेव्हा अध्यक्ष होते, प्रतापनगरला रेल्वेत नोकरी, आणि जगातल्या फुटबॉलचं कुठून कुठून वाचलेलं त्यांना तोंडपाठ. मला काहीही न बोलता ते पत्रिका घेऊन त्याच्या घरी गेले. काकूंच्या हातात दिली, चहा घेऊन आले. कोजागरीला तो आला, जिन्याच्या तोंडाशीच उभा राहिला. अहवाल झाल्यावर अण्णा उठले आणि त्यांनी डेनिस लॉची गोष्ट सांगितली.

अण्णांची सांगण्याची पद्धत सावकाश. हा माणूस मँचेस्टर युनायटेडकडून 11 वर्षं खेळला, 1962 ते 1973. 237 गोल. मग क्लबने त्याला मोकळं केलं आणि तो त्याच गावातल्या मँचेस्टर सिटीकडे गेला. 27 एप्रिल 1974 ला सामना युनायटेडच्याच मैदानावर, आणि युनायटेड खालच्या विभागात घसरायच्या बेतात. खेळ संपत आलेला, गोल एकही नाही. चेंडू लॉकडे आला तेव्हा त्याची पाठ गोलकडे होती. त्याने टाच लावली. चेंडू आत. सोबती पाठ थोपटायला आले तर ह्याची मान खाली. लगेच त्याला बदलून बाहेर घेतलं, लोक मैदानात घुसले, खेळ तिथेच थांबला. युनायटेड खाली गेलं. इथे अण्णा नेहमी थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, आणि मग सांगायचे की त्या दिवशीचे दुसरीकडचे निकाल असे लागले, की तो गोल झाला नसता तरी युनायटेड खालीच गेलं असतं. "पण त्याला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याची टाच त्याला घेऊन गेली आणि मन मागे राहिलं." एवढं म्हणून त्यांनी जिन्याकडे हात केला. "ये रे, पुढे ये. तूच सांग."

नऊ नंबर पुढे आला. माइक नव्हताच तेव्हा. तो म्हणाला, "गोल मारल्यावर माणूस आपल्या माणसांकडे पळतो. मला पळायला दिशाच सापडेना. माझी सगळी माणसं हरलेल्या बाजूला होती."

एवढंच बोलला. पुढे बोलता आलं नाही, खाली बसला. वहिनी दुधाचं पातेलं ढवळत होत्या, त्यांचा हात थांबला आणि दूध लागलं. त्या वर्षीच्या दुधाला करपट वास होता. तो वास आला की आजही मला ती रात्र आठवते.

तेव्हापासून हा कार्यक्रम चालू आहे. किती जण बोलून गेले. आमचा गोलकीपर, जो पुढे पंच झाला आणि आमच्याच विरुद्ध पेनल्टी देऊन घरी जाऊन जेवला नाही. एक ताई आमच्याकडून खो-खो खेळायची, सासर वाडीत मिळालं, आणि पुढच्या वर्षी सासरच्या संघातून तिने आमच्या तीन मुली बाद केल्या. ती म्हणाली, "मी पाठीवर थाप मारताना हळू मारली, तरी बाद ती बादच." मला ही दोन मिनिटांची भाषणं कुठल्याही मोठ्या वक्त्यापेक्षा जास्त हलवतात. पाहुण्यांची भाषणं चांगलीच असतात, त्यांचा मान आहे. पण गेलेला माणूस बोलायला उभा राहतो, तेव्हा सुरुवातीचे काही क्षण तो कुणाकडेच पाहत नाही, गच्चीच्या कठड्याकडे पाहतो, आणि तेवढ्यात माझे डोळे भरून आलेले असतात.

एका वर्षी मंडळातल्या सर्वांत वयस्कर आजोबांनी सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी क्रिकेटपटू विजय हजाऱ्यांचं काढलं. 1939-40 च्या हंगामात हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते आणि पुण्यात त्यांनी नाबाद 316 धावा केल्या त्या आपल्याच बडोद्याविरुद्ध. नंतर ते बडोद्याकडे आले. मार्च 1947 मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात इथेच, होळकर संघाविरुद्ध, त्यांच्या 288 आणि गुल महंमदच्या 319. दोघांची चौथ्या विकेटची 577 धावांची भागीदारी. कुठल्याही विकेटसाठीचा तो जगातला विक्रम 2006 पर्यंत टिकला. त्यातला गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून कसोटी खेळला. आणि हजारे शेवटपर्यंत बडोद्यातच राहिले, 2004 साली गेले. "त्यांना आपण आपले म्हणतो, ते आहेतच आपले," आजोबा म्हणाले, "पण पुण्याच्या पोरांना तेव्हा काय वाटलं असेल, हे या गच्चीवर आजवर कुणी विचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

आमच्याकडे रिफायनरीतून निवृत्त झालेले एक बंगाली दादा येतात. मराठी त्यांनी याच गच्चीवर शिकून घेतलं. ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबचे चाहते. 13 जुलै 1997 ला सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं होती आणि ईस्ट बंगालच्या भाईचुंग भुतियाने कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानला तीन गोल मारले, सामना 4-1. दादा तेव्हा सुटी काढून तिथे होते. तोच भाईचुंग पुढे मोहन बागानचा शर्ट घालून उतरला. "घरात त्या दिवशी मासा आणला नाही," दादा सांगतात, आणि पुढे, "तो परत आला, तेव्हा मी त्याला माफ केला नाही, कारण मी रागावलोच नव्हतो. मला दुखलं होतं." रागावणं आणि दुखणं यातला फरक मला त्यांच्या मोडक्या मराठीने समजावला.

2024 च्या मार्चमध्ये आमच्या मंडळाची सहा पोरं अहमदाबादला आयपीएलची मॅच बघायला गेली होती. हार्दिक पंड्या गुजरातचं कर्णधारपद सोडून मुंबईकडे परत गेला होता आणि सगळं स्टेडियम त्याची हुर्यो उडवत होतं. हीही पोरं त्यात. जुलैमध्ये वर्ल्ड कप जिंकून तो बडोद्यात आला, उघड्या बसवर उभा राहिला, तेव्हा हीच पोरं रस्त्यावर ओरडून घसा बसवून आली. त्या कोजागरीला त्यांच्यातला एक जण स्वतःहून उठला आणि म्हणाला की अहमदाबादला आपण जे केलं त्याची लाज वाटते. मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला. त्याच्या वयाचा असताना मी उठलो नव्हतो.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी लिहिणारच. शरद पुनमेचा गरबा आणि आमची कोजागरी एकाच रात्री येतात हे मान्य. पण आपल्या मंडळात वाढलेली, आपल्या खर्चाने स्पर्धांना गेलेली मुलं साडेनऊला चणिया-चोळी आणि केडियूत गच्चीवर तोंड दाखवून, दूध घेऊन निघून जातात, आणि मनोगत सुरू होताना निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. बोलणारा माणूस वर्षभर शब्द जुळवत असतो. त्याच्या समोर रिकाम्या खुर्च्या मला बघवत नाहीत. गरबा पहाटेपर्यंत चालतो, अर्धा तास थांबा.

आता मदतीला आलेल्यांचं. गेल्या वर्षी लाइटच्या माळा लावणाऱ्या मुलाचा उल्लेख अहवालात राहिला. तो काही बोलला नाही, पण मला दोन रात्री झोप नव्हती, म्हणून त्याचं पहिलं. सतरंज्या दिल्या खालच्या मजल्यावरच्या मावशींनी. खुर्च्या मंडपवाल्या भाईंनी निम्म्या भाड्यात दिल्या आणि जिना अरुंद म्हणून स्वतः वर चढवल्या. 40 लिटर दूध भल्या पहाटे आणून आटवायला लावणाऱ्या तिघी वहिनी. चारोळी, केशर आणि जायफळ प्रत्येकी आपापल्या घरचं. शेजारच्या पटेल काकी दरवर्षी वेगळ्या डब्यात दूध-पौवा पाठवतात. लीलो चेवडो आणला खजिनदारांच्या जावयांनी. माइक, रांगोळी, पाण्याचे जग, चपलांची राखण करणारे दोन छोटे भाऊ, वाड्याचा दरवाजा रात्री दीडपर्यंत उघडा ठेवणारे वॉचमन काका. अण्णांच्या फोटोला हार घालणाऱ्या त्यांच्या सूनबाई. आणि पुण्याहून फक्त या रात्रीसाठी रेल्वेने आलेले दोघे, ज्यांच्यासमोर इथल्याइथे राहून न येणाऱ्यांनी मान खाली घालावी. कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, मी पुढच्या अहवालात पहिल्या ओळीत घेईन.

नऊ नंबर अजून येतो. कारखान्यातून निवृत्त झाला, बहिणी आपापल्या घरी आहेत, काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. यंदा सगळे उतरल्यावर मी पावतीपुस्तक घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, आता तरी पुन्हा सभासद हो. तो हसला आणि नाही म्हणाला. वर्गणी तो तिकडेच देतो, तिकडच्या पोरांना अजून संध्याकाळी शिकवतो. मी पुस्तक मिटलं. त्याने बाह्या वर केल्या, मुलांनी खरवड काढून झालेलं मोठं पातेलं गच्चीच्या मोरीशी ओढलं आणि राख अन् नारळाची शेंडी घेऊन घासायला बसला. मी पाणी ओतत होतो.