काळा झालेला पॅड

काकांनी डिकीतून पिशवी काढली, पिशवीतून पॉलिश मशीनला लावतात तो फोमचा पॅड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पॅड काळा कुळकुळीत. बोनेटकडे बघायची गरजच उरली नाही.

गाड्या रंगवायच्या आणि पॉलिश करायच्या आमच्या धंद्यात नसलेल्याला त्यात काय एवढं, असं वाटेल. हल्लीच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअरचा थर असतो. पॉलिश करताना झिजतो तो हा थर, त्यामुळे पॉलिशचं पांढरं कंपाउंड घासलं तर पॅड फार तर राखाडी होतो. पॅडला गाडीचा रंग लागला की समजायचं, क्लिअर संपला. पांढऱ्या गाडीवर तर हे कळतही नाही. काकांची गाडी काळी.

बोनेटच्या डाव्या बाजूला पत्र्याची जी उभी धार आहे, तिथे रंगाखालचा प्रायमर बोटभर लांबीत उघडा पडला होता. रंगाची जाडी मोजायचं गेज लावून बघितलं. बोनेटच्या मधोमध 112 मायक्रॉन, धारेच्या कडेला 70. म्हणजे प्रायमर, रंग, क्लिअर सगळं धरून. त्यात क्लिअर शाबूत असला तरी 40-50 मायक्रॉनचाच. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा भार नेमका तिथेच पडतो. म्हणून आम्ही मशीन सुरू करण्याआधी धारांवर मास्किंग टेप मारतो. दहा रुपयांची टेप.

"मशीन कुठलं घेतलंत?"

तेही पिशवीत होतं. चार इंची ग्रायंडर, त्याला अ‍ॅडॉप्टर, त्यावर पाच इंची वेल्क्रोची प्लेट. सगळं मिळून 1,800 रुपये. "तुमच्याकडे आहे तसंच घेतलं," काका म्हणाले. टोमणा नव्हता. आनंदानेच सांगत होते.

मला दिवाळीआधीची दुपार आठवली. काका विचारायला आले होते, गाडीवर ओरखडे आहेत, घरच्या घरी पॉलिश करायचं आहे, स्वस्तातलं मशीन कुठलं घेऊ. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, सेकंडहँड गाडी हौसेने घेतलेली. मी तेव्हा इन्शुरन्सच्या सर्व्हेअरशी एका दरवाजावरून हुज्जत घालत होतो (दरवाजा चेपलाय हे त्याला दिसत होतं, पण बदलायचा आहे हे दिसत नव्हतं). मी मान न वळवताच म्हणालो, "मशीन कुठलंही घ्या हो काका, हात महत्त्वाचा. मी बघा, ग्रायंडरवर काम काढतो." आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवरचा तो ग्रायंडर माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला. पैसे नव्हते म्हणून त्याला डिमर जोडून चालवायचो. डिमरने वेग कमी होतो, पण जोरही जातो आणि मोटार तापते. मोटारीच्या आतली गुंडाळी, म्हणजे आर्मेचर, अशी दोन जाळलीत मी त्यात. आता रोटरी आहे, म्हणजे पॅड नुसता गोल फिरवणारं पॉलिशचंच मशीन, ग्रायंडर नुसता टांगलेला असतो. यातलं काहीच मी काकांना सांगितलं नव्हतं.

काका पॅड घेऊन आले त्या रात्री मुलीकडून हिशेब करून घेतला. ग्रायंडरच्या पाटीवर 11,000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, लिहिलेलं असतं. त्या वेगाने पाच इंची पॅड फिरला तर त्याची कड ताशी 260 किलोमीटरने रंगावरून जाते. मी रोटरी 1,200 वर चालवतो, तेव्हा तीच कड 30 च्या आतच. लुना जाते त्या वेगाने.

म्हणजे मशीन कुठलंही चालत नाही. दुकानदार वॅट सांगतो, ऑनलाइन विकणारे तर खोक्यावर वाट्टेल तो आकडा छापतात. मी विचारतो, सर्वांत कमी वेग किती? रोटरी 600 पासून सुरू होणारी हवी, आणि बटण दाबल्यावर झटका न देता हळूहळू वेग घेणारी. कार्बन ब्रश आणि प्लेट पेठेत सुटी मिळतात का, हेही बघायचं, नाहीतर स्वस्त मशीन सहा महिन्यांत शोकेसमध्ये.

घरच्या माणसाला मात्र रोटरी नकोच. त्याने डीए घ्यावं, ड्युअल अ‍ॅक्शन. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय छोट्या वर्तुळात हेलकावतो. साध्या डीएवर जास्त दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, नुसता थरथरतो. नवख्याला त्याचा वैताग येतो, पण गाडी वाचते ती त्यामुळेच. दिवसभराचं काम दोन दिवसांवर जातं, जाऊ दे. बिनब्रँडचंसुद्धा पाच-सहा हजारांना पडतं.

बोनेट पूर्ण रंगवावं लागलं. नशीब काळा सॉलिड होता, चमकीच्या कणांचा नव्हता. मेटॅलिक असता तर शेड जुळवायला दोन्ही फेंडरवर रंग ओढावा लागला असता. काका तिन्ही दिवस स्टुलावर बसून होते. मूळ ओरखडे कशाचे, तेही तेव्हा कळलं. सोसायटीत एक जण रोज पहाटे एका बादलीत बारा गाड्या पुसतो, महिन्याला तीनशे रुपयांत. त्याच्या फडक्यात बाराही गाड्यांची माती असते. लोक त्याला पैसे देऊन ओरखडे पाडून घेतात आणि मग ते घालवायला आमच्याकडे येतात.

बिल मी फक्त मटेरियलचं लावलं. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. "मजुरी राहिली," म्हणाले.

"राहू द्या."

"का?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. जुने गिऱ्हाईक वगैरे काहीतरी बोललो. त्यांनी खिशातून आणखी दोन हजार काढून टेबलावरच्या कंपाउंडच्या डब्याखाली ठेवले.

महिन्याभराने काका डीए घेऊन आले. मी भंगारातला दरवाजा स्टँडवर लावून दिला, प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारली. रेघ फिरताना दिसली पाहिजे, थांबली की दाब जास्त झाला. पहिली पाच मिनिटं रेघ सारखी थांबत होती. काका वाकून, जीभ दाताखाली धरून मशीन दाबत होते. मी म्हणालो, "काका, मशीनच्या वजनावरच सोडा." रेघ फिरायला लागली.

त्या दिवाळीतल्या माझ्या वाक्याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना ते आठवतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. भिंतीवरचा ग्रायंडर मी काढून आत ठेवलाय. खिळा तिथेच आहे, आणि परवा हात धुताना काका त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.