तुम्ही विचारलंत म्हणून: हवा आपल्यासारखीच, मग परके वाटते ते कशात?

सुट्टीत माहेरी गेले की ओटीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच. मी गेली नऊ वर्षे टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात राहते आणि माझे माहेर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी आहे. तिकडेही समुद्र, माड, आंबे आणि घाम असल्याचे सर्वांना ठाऊक असल्यामुळे मी एका कोकणातून उठून दुसऱ्या कोकणात जाऊन बसले, असाच त्यांचा समज असतो. इतकी वर्षे मी "भाषा वेगळी आहे ना" असे म्हणून वेळ मारून नेत आले, पण ते खरे उत्तर नव्हे.

भाषेने तर मला पहिल्या महिन्यापासून सांभाळून घेतले. इथल्या स्वाहिली भाषेत बंदराला 'बंदारी', शिडाच्या गलबताला 'जहाझी' आणि त्याच्या तांडेलाला 'नहोधा' म्हणतात, आणि हा नहोधा आपल्या नाखव्याचा सख्खा भाऊ आहे. आंब्याला 'एम्बे', विम्याला 'बीमा', लाखाला 'लाकी' म्हणतात, आणि तीनचाकी रिक्षाला तर आपल्या पुण्याच्या कंपनीवरून सरळ 'बजाजी' असे नाव पडले आहे. उत्तरेकडून वाहणारा 'कास्काझी' वारा हिवाळ्यात गलबते पश्चिम भारतातून आणि अरबस्तानातून इकडे आणी, आणि एप्रिलनंतर दक्षिणेकडून सुटणारा 'कुसी' ती परत नेई. शेकडो वर्षांच्या या ये-जा करण्यातून शब्दही आले. भाजीबाजारात मला पाहून 'केम छो' म्हणणारा विक्रेता भेटतो, कारण इथे भारतीय म्हणजे गुजराती असे समीकरण पक्के आहे. मराठी ही निराळी भाषा आहे, हे समजावून सांगण्याचा नाद मी आता सोडला आहे.

परकेपण लपलेले आहे ते याच सारखेपणात. सगळे ओळखीचे असते आणि नेमके उलटे मांडलेले असते.

पहिल्या वर्षी मी भाड्याचे घर निवडले ते दक्षिणेच्या लांबरुंद गॅलरीकडे पाहून. आमच्याकडे दुपारचे ऊन वर्षातील बहुतेक दिवस दक्षिणेकडून येते, त्यामुळे वाळवणाची सोय झाली, या आनंदात मी होते. एप्रिल-मे हे आपले पापडाचे महिने, पण इथे मार्च ते मे हा 'मासिका' म्हणजे मोठा पाऊस असतो, म्हणून मी कोरड्या जुलैची वाट पाहिली. मग पोह्यांचे पापड लाटून प्लास्टिकवर ओळीने मांडले. सकाळ गेली, दुपार गेली, गॅलरीत उन्हाचा कवडसादेखील आला नाही. संध्याकाळी पापड उचलायला गेले तर ते बोटाला चिकटत होते आणि कडा तेवढ्या वाकल्या होत्या. दार-एस-सलाम विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 7 अंशांवर आहे. मार्चच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. शाळेत भूगोलात हे सारे मी पाठ केले होते आणि त्याला गुणही मिळवले होते, पण भूगोल आणि पापड यांचा संबंध तोवर माझ्या ध्यानात आला नव्हता.

घड्याळाचीही तीच तऱ्हा आहे. स्वाहिलीत तास मध्यरात्रीपासून नव्हे तर सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'साआ मोजा', एक वाजला. दुपारचे बारा म्हणजे सहा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास उगवतो आणि सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे हा हिशेब बिघडत नाही. एकदा वायरमनने 'साआ नाने' म्हणजे आठ वाजता येतो असे सांगितले. मी सकाळी आठपासून दाराकडे डोळे लावून बसले, अकराला घरमालकिणीला फोन करून भरपूर तक्रार केली, आणि तो दुपारी दोनच्या ठोक्याला, अगदी वेळेवर, हजर झाला. माझे तोंड पाहून त्यानेच मला घड्याळ काढायला लावले आणि तासकाट्याच्या बरोबर उलट बाजूचा आकडा वाचायचा असतो, हे बोटाने दाखवले. पुढे कधीतरी लक्षात आले की आपली 'दुपार' तरी दुसरे काय आहे? सूर्योदयापासून मोजलेले दोन प्रहर. आपण शब्द ठेवला आणि मोजणी टाकली. यांनी मोजणी ठेवली.

बाकीचे थोडक्यात सांगते. इथला समुद्र पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येतो आणि गावामागे मावळतो; किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जाण्याची माझी सवय पहिल्याच आठवड्यात मोडली. आंबे नोव्हेंबरात बाजारात दिसू लागतात आणि नाताळात त्यांचे ढीग लागतात, तर अक्षय्य तृतीयेला पाऊस कोसळत असतो. श्रावण कोरडा जातो, गौरीला तेरडा मिळत नाही. ध्रुवतारा तर क्षितिजाच्या खालीच राहतो. लेकीला तो दाखवायला मी एका रात्री गच्चीवर गेले आणि तिला सप्तर्षींचे उलटे लोंबकळणारे पलंगाचे खूर दाखवून परत आले.

एक वस्तू मात्र उलटी नाही. नारळ खवण्याच्या बैठ्या पाटाला इथे 'म्बुझी', म्हणजे बकरी, म्हणतात. लहानसा लाकडी पाट, पुढे चोच काढलेले दातेरी पाते. आमच्या आदोळीला, म्हणजे विळी-खवणीला, फक्त विळीचे पाते जास्त. घरी मदतीला येणाऱ्या मावशी त्यावर बसून खोबरे खवतात तेव्हा करवंटी फिरवण्याची त्यांच्या मनगटाची लय थेट माझ्या आजीची असते. मी त्यांना 'शिकामू' म्हणते, त्या 'माराहाबा' म्हणतात. वडीलधाऱ्यांना करायच्या 'शिकामू' या नमस्काराचा मूळ अर्थ 'पाय धरते' असा सांगतात.

आता आम्ही उत्तरेच्या गॅलरीचे घर घेतले आहे. जुलैत पापड कडकडीत वाळतात. डिसेंबरात तिथे ऊन येत नाही, पण तेव्हा मी आंब्यांची साठे, म्हणजे आंबापोळ्या, घालते आणि ती शेजारणीच्या दक्षिणेच्या गॅलरीत वाळतात. जुलैत तिच्या मिरच्या माझ्याकडे असतात.