तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकच्या मुलांना संशोधन पद्धती कशाला?

राज्यशास्त्राची मुलं शेवटी स्पर्धा परीक्षाच देणार, मग नाशिकमध्ये बसून त्यांना आंतरराष्ट्रीय संबंध आणि वर संशोधन पद्धती कशाला शिकवता? पालक विचारतात, सहकारी विचारतात, आता तुम्हीही विचारलंत. ‘ते दिल्लीवाल्यांचं काम’ हे पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, आणि ते मला लागतं. परराष्ट्र धोरणाचा एक अख्खा प्रश्न लासलगावच्या लिलावात उभा राहिला होता. आपल्या मुलांनी तो घरात बसून सोसला आहे.

८ डिसेंबर २०२३ची कांदा निर्यातबंदी तुम्हाला सांगायला नको. वर्गातला प्रश्न त्यापुढचा आहे. बंदी चालू असताना काही देशांना कांदा पाठवायला सरकारने परवानगी दिली. मार्च २०२४च्या सुरुवातीला बांगलादेशाला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन. एप्रिलअखेर जाहीर झालेल्या यादीत हे दोन, शिवाय भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका असे सहा देश होते. एकूण ९९,१५० टन. यांनाच का?

‘मित्रदेश म्हणून,’ वर्ग एका दमात सांगतो. लघुप्रबंध इथेच बिघडतात. ज्यांना मिळालं फक्त त्यांच्याकडे बघून कारण शोधलं, तर ते चुकीचं ठरायला जागाच उरत नाही. म्हणून आधी, बंदीपूर्वी आपला कांदा घेणाऱ्या सगळ्या देशांचा तक्ता करायचा. आकडे अपेडाचे, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, वर्ष २०२२-२३. कारण २०२३-२४ बंदीने मधोमध कापलेलं आहे. एका ओळीत एक देश. रकाने असे: टन, सीमा लागून आहे का, जुना व्यापार करार, तिथली निवडणूक, रमजानची मागणी, भारताशी संबंध. अमिरातीसमोर एक खूण करायची, कारण तिथे उतरलेला सगळा माल तिथेच खपतो असं नाही. परवानगीचा रकाना शेवटी, आणि बाकीचे भरून होईपर्यंत तो झाकलेला. नाहीतर मुलं उत्तर पाहून संबंधांना गुण देतात. हे गुण दोघांनी वेगवेगळे द्यायचे आणि मग ताडून बघायचे. जिथे जुळत नाहीत, तिथे ‘मैत्री’ म्हणजे नेमकं काय मोजायचं हेच ठरलेलं नसतं.

रकाना उघडला की दिसतं, नेपाळ आणि मलेशिया त्या सहांत नाहीत, आणि दोघेही आपला कांदा घेणारे. मग मालदीव येतो. तिथल्या नव्या सरकारने भारतीय लष्करी कर्मचाऱ्यांना माघारी जायला सांगितलं होतं. तरीही एप्रिल २०२४ मध्ये, १९८१च्या व्यापार कराराखाली, त्या देशाला २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी ३५,७४९ टन कांद्याचा कोटा मिळाला. ‘रुसलेल्या शेजाऱ्याला धरून ठेवायला दिला,’ मुलं लगेच म्हणतात. म्हणजे मैत्री असली म्हणून दिला आणि नसली म्हणूनही दिला. असं गृहीतक कशानेच हरत नाही. बरं, ‘जिथे चीनचा प्रभाव वाढतोय तिथे आधी’ असं ते बांधून घेतलं, तर नेपाळ आडवा येतो: चीनचा प्रभाव तिथेही, पण यादीत तो नाही. की कराराप्रमाणे मालदीवला कोटा मिळतच असतो आणि राजनयाचा यात संबंधच नाही? तसं असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या मागच्या वर्षांच्या अधिसूचना एकाखाली एक लावून ते दिसायला हवं. ‘मालदीव सरकारच्या विनंतीवरून’ हे भारतीय उच्चायुक्तालयाचं निवेदन मुलं पुरावा म्हणून जोडतात. पण कारण कोणतंही असतं तरी निवेदन हेच निघालं असतं, म्हणून त्याने पारडं कुठेच झुकत नाही.

इतकं करूनही मोजके देश हाती असताना टक्केवारी काढता येत नाही आणि शेवटच्या प्रकरणात ‘गृहीतक सिद्ध झाले’ लिहिता येत नाही. मुलांना ते कमी वाटतं. मग कॉलेज रोडवरच्या मित्रांकडून शंभर गुगल फॉर्म भरून आणतात आणि रंगीत आलेख काढतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४०० जणांच्या नमुन्यात साधारण पाच टक्क्यांची चूक धरतात. ओळखीपाळखीतले चार हजार आणले तरी तो हिशेब लागू होत नाही. शिवाय मित्रांच्या मतावरून सरकारने कोटा का दिला हे कळणार कसं?

स्पर्धा परीक्षेला याचा उपयोग होत असेलही. त्यासाठी मी शिकवत नाही.

पूर्वी माझा आग्रह असे की वास्तववाद (देश सत्ता आणि स्वार्थ पाहून वागतात), उदारमतवाद (करार आणि व्यापारातून सहकार्य होतं) हे सिद्धांत आधी पक्के व्हावेत, पद्धती नंतर. त्या म्हणण्यात आजही जोर आहे. सिद्धांत माहीत नसेल तर तक्त्यात रकाने कोणते घ्यायचे हे सुचतच नाही. ‘जुना करार’ हा रकाना कांदा पाहून कोणालाही सुचत नाही. पण सिद्धांत आधी पाठ झाले की मालदीवला वास्तववादी आणि भूतानला उदारमतवादी अशी लेबलं चिकटतात आणि तक्ता कोरा राहतो. यंदा तक्ता आधी ठेवला आहे. पुढच्या वर्षी क्रम पुन्हा उलटा करेनही.