लुसिटेनियाचे पदक : लंडनमधील एक प्रदर्शन

२०१४ च्या लंडन भेटीत ब्रिटिश म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातील जर्मन पदकांचे प्रदर्शन पाहिले. खाली रोझेटा शिलेभोवती झुंबड उडालेली असताना वरच्या मजल्यावरच्या त्या लहानशा खोलीत प्रत्येक पदकापाशी हवा तितका वेळ थांबता येत होते. ही पदके छातीवर मिरवण्यासाठी घडवलेलीच नव्हती. शत्रूची नालस्ती आणि युद्धावरचे भाष्य हेच त्यांचे काम होते. वॉल्टर एबरबाखच्या १९१७ मधील, फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या लढाईवरच्या पदकावर तर सांगाड्याच्या रूपातला मृत्यू पंपाने पृथ्वीचे रक्त उपसताना दिसतो.

माझे पाय मात्र म्युनिकच्या कार्ल ग्योट्झने घडवलेल्या पदकाशी खिळले. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ‘लुसिटेनिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले आणि सुमारे १,२०० माणसे मेली. पदकाच्या एका बाजूला तोफा आणि विमानांनी खच्चून भरलेले जहाज बुडत आहे. जहाजावर रायफलींची काडतुसे खरोखरच होती, तोफा-विमाने नव्हती. दुसऱ्या बाजूला जहाजाच्या मालक कुनार्ड कंपनीच्या तिकीट खिडकीत बसलेला सांगाडा तिकिटे विकतो आहे, समोर गिऱ्हाइकांची रांग आहे, एकाच्या हातातल्या वर्तमानपत्रात पाणबुडीच्या धोक्याची बातमी आहे आणि वर कोरले आहे : ‘सर्वांआधी धंदा’. हे सारे बोटभर लांबीच्या वर्तुळात इतक्या सफाईने बसवले आहे की कारागिरीला दाद द्यावीच लागते. तरीही मला ते पदक क्रूर वाटले, कारण दोष कंपनीच्या माथी मारताना ग्योट्झने बुडणाऱ्यांपैकी एकही माणूस कोरलेला नाही.

त्याने तारीखही चुकवली होती : ७ ऐवजी ५ मे. ब्रिटिशांनी नेमके तेच हेरले. जहाज बुडवण्याचा बेत आधीच शिजला होता आणि जर्मनी या संहाराचा उत्सव करत आहे, असा प्रचार करत त्यांनी हुबेहूब नक्कल पाडली, डबीत माहितीपत्रक घालून ती शिलिंगाला एक या दराने विकली आणि पैसे युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी व रेड क्रॉससाठी दिले. ग्योट्झची मूळ पदके काही शेकडाच होती, नकला अडीच लाखांच्या वर गेल्या. १९१७ मध्ये म्युनिक ज्यात येते त्या बव्हेरिया राज्याच्या सरकारने पदक जप्त करण्याचा हुकूम काढला खरा, पण तोवर ब्रिटिश डब्या घरोघरी पोहोचल्या होत्या.