साडेतीन दिवस जास्तीचे

बर्लिनमध्ये आमचं सल्ला केंद्र आहे, बाहेरच्या देशांतून आलेल्यांना कामाच्या कायद्याबद्दल फुकट सल्ला देतो. रोजचं काम म्हणजे लोक पिशवी भरून न उघडलेली पत्रं आणतात आणि आम्ही ती उघडतो. पण विशीतली पोरं येतात त्यांच्याकडे पत्रच नसतं, नुसता मोबाइल, आणि त्यात बरीच आपल्याकडची, खाजगी युनिव्हर्सिटीत मास्टर्स करणारी आणि संध्याकाळी पाठीवर चौकोनी बॅग टाकून जेवण पोचवणारी.

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीला लातूरकडचा एक मुलगा आला. मी मराठी बोलते हे कळल्यावर आधी दोन मिनिटं गप्पच बसला. मग म्हणाला, "ताई, ॲप उघडायलोय तर लाल पट्टीच यायलीय. मला कामावरून काढलंय का नाही, एवढं सांगा फक्त."

मी म्हटलं नाही काढलेलं. इथे नोकरीवरून काढायचं तर कागदावर, शाईच्या सहीनेच काढावं लागतं, ईमेल चालत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही, मग लाल पट्टी कुठून चालणार? हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय आणि दर वेळी समोरचा चेहरा जरा सैल होतो, खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. कोर्टात जायची तीन आठवड्यांची मुदत असते तीसुद्धा कागद हातात पडल्यापासून, कागदच नाही तर मुदतही नाही.

अकाउंट का बंद झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दाढी वाढवल्यामुळे ओळख पटवायचा सेल्फी जुळला नसेल असा त्याचा अंदाज. विचारायचं कोणाला? तो ॲपवाल्यांचा नोकर नव्हताच, मधल्या ठेकेदाराचा होता, त्याला बॉस म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक नंबर. आमच्या वकिलीणबाई हुशार आहेत पण माणसाला स्वतःच्या बॉसचं नाव माहीत नसतं हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही, तीनदा विचारलं त्यांनी. शेवटी कंपन्यांच्या सरकारी रजिस्टरमध्ये शोधलं, २०२२ पासून ते ऑनलाइन फुकट बघता येतं, त्यात डायरेक्टरचं नाव आणि जन्मतारीखही असते. डायरेक्टर २००३ चा जन्म! म्हणजे या लातूरच्या पोरापेक्षा एक वर्षाने लहान. कोणीतरी चार पैसे देऊन सही घेतली असणार, दुसरं काय.

आता तासांचा हिशोब. ॲप बंद म्हणजे शिफ्टची नोंदही बंद, पण त्याच्या फोनमध्ये गूगल मॅप्सची टाइमलाइन चालू राहिली होती. दोन संध्याकाळी मी ती घेऊन बसले. कुठल्या हॉटेलपाशी सात मिनिटं थांबला, कुठे टेकला, कधी घरी, सगळं त्याच्या चॅटमधल्या ऑर्डरच्या स्क्रीनशॉटशी ताडून एक्सेलमध्ये. शेवटच्या साडेपाच आठवड्यांचे २१४ तास निघाले, किमान वेतन तेव्हा ताशी १२.८२ युरो, म्हणजे पावणेतीन हजाराच्या आसपास. हातात पडले होते नऊशे, रोख, एका पार्किंगमध्ये. इतका स्वच्छ तक्ता मी आधी कधी केला नव्हता आणि तिथेच मी चुकले की काय असं अजून वाटतं.

कारण हात चालू होता तर मी पार जानेवारीपर्यंत मागे गेले. स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, चार तासांपर्यंत अर्धा दिवस. सरळ मोजले तर १७५ आले. पोटात गोळाच आला. मग कायद्यातली सवलत लावली, सुट्टीतला आठवडा कितीही तास केलं तरी अडीचच दिवस धरायचा, कॉलेज चालू असताना वीस तासांपर्यंतचा आठवडाही अडीच, प्रत्येक आठवड्याला जे फायद्याचं ते. आठवडा आठवडा सोलून काढला. १४३.५ वर थांबलं.

"साडेतीन दिवस खोडता येतात का ताई?"

नाही येत. पण दाव्यात फक्त शेवटचे आठवडे टाकू, ते सुट्टीतलेच आहेत, जानेवारीबद्दल कोण विचारतंय, असं आम्ही ठरवलं आणि पगाराचं मागणीपत्र पाठवलं. चार दिवसांनी त्या नंबरवरून त्याला हिंदीत मेसेज आला, की भाई जनवरी से तेरा पूरा हिसाब हमारे पास भी है. बस, एवढंच. सगळ्या प्रकरणात त्यांच्याकडून लेखी आलेलं हे एकच वाक्य.

कोर्टातून व्हिसा ऑफिसला कळेलच असं नाही, पण कळणार नाही असं मी लिहून देऊ शकत नव्हते, आणि तेच त्याला सांगितलं. तो म्हणाला राहू द्या. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ब्लॉक केलेल्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, खोलीलाच सहाशे जातात, घरी लोन आहे, त्यात ही भानगड नको. सहकारी म्हणाली त्याचा निर्णय आहे, आपण मान द्यायचा. बरोबर आहे. पण हे वाक्य आमच्याकडे फार सोयीचं झालंय.

युरोपचा नवा नियम आहे, ॲपवर काम करणाऱ्यांसाठी, सगळ्या देशांनी २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा. अकाउंट बंद करायचा निर्णय मशीनने नाही, माणसाने घ्यायचा असं त्यात आहे. चांगलंच आहे. फक्त तो माणूस २००३ चा डायरेक्टर असला तर काय करायचं ते मला कोणीतरी सांगा.

मागच्या आठवड्यात त्याला फोन केला. बुडालेला पगार मागायला तीन वर्षं असतात आणि ती पगार बुडाला ते वर्ष संपल्यावर मोजायची, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत दार उघडं आहे, डिग्री होऊन नोकरीचा व्हिसा मिळाला की बघू, मी तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलीय असं सांगितलं.

"तोवर ती कंपनी राहायलीय व्हय ताई?" म्हणाला, आणि मागून नव्या ऑर्डरची टुंग वाजली तसा फोन ठेवला.