तुम्ही विचारलंत म्हणून: लेक्चर झाल्यावर दिवसभर करता काय?

नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, परवा डॉक्टरांनी बीपी बघता बघता विचारलं. आठवड्याला सात-आठ तास लेक्चर, मग बाकी वेळ करता काय, आणि एवढं वैतागता तर सोडत का नाही? आजवर टाळलं, आज लिहितेच.

बाकी वेळ पेपर तपासते, शिफारसपत्रं लिहिते, मीटिंगांना बसते, नामंजूर होणारी ग्रँटची प्रपोजलं लिहिते, दुसऱ्यांचे शोधनिबंध फुकट रिव्ह्यू करते. दिसत नाही म्हणून ते काम नाही असं होत नाही ना.

पण वैताग त्याचा नाहीये.

माझी एक पीएचडीची विद्यार्थिनी होती. चौथ्या वर्षी तिने पहिला मोठा पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहून दिला आणि तो माझ्या टेबलावर सहा आठवडे पडून राहिला. डिपार्टमेंटच्या मूल्यांकनाचा रिपोर्ट माझ्याकडे होता, रात्री अकरापर्यंत तक्ते भरत बसायचे. ती दर सोमवारी दारात यायची, "मॅडम, वाचलात का?" आणि मी म्हणायचे, या आठवड्यात नक्की. पहिल्या तीन पानांवर पेन्सिलच्या खुणा होत्या, पुढे सगळं कोरं. शेवटी जर्नलकडे पाठवला, पण निकाल यायच्या आत दुसऱ्या ग्रुपचं जवळजवळ तेच काम छापून आलं आणि आमचा पेपर परत आला.

समजूत घालायला मी तिला हिग्जची गोष्ट सांगितली. १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्जचा, मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं यावरचा पेपर 'फिजिक्स लेटर्स' या जर्नलने नाकारला, त्यांनी थोडी भर घालून 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'कडे पाठवला, तोवर ब्राउट आणि एंगलर्ट यांचा त्याच कल्पनेवरचा पेपर आधी आला, तरी २०१३ चं नोबेल हिग्ज आणि एंगलर्ट दोघांना मिळालं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, हिग्जना तेव्हा नोकरी होती."

तिची फेलोशिप दोन महिन्यांत संपत होती. तिने पीएचडी सोडली.

सहा आठवडे म्हणजे फार नाही, लोक सहा महिने लावतात, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. रिपोर्ट कुणीतरी करायलाच हवा होता, हेही खरं. त्या वेळची मी अजून भांडते माझ्याशी, म्हणते की डिपार्टमेंट टिकलं तरच विद्यार्थी येणार ना. मला ते खोडता येत नाही, पटतही नाही. प्रमोशनच्या फॉर्मवर एच-इंडेक्स विचारतात, म्हणजे वीस पेपरांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांतले उल्लेख) असली तर वीस. ज्या मुलीचा ड्राफ्ट वाचायचा राहिला तिच्यासाठी कुठलाच रकाना नाही, तो मी मनातच भरत बसते.

मग सोडत का नाही? गेल्या आठवड्यात सेकंड इयरच्या एका मुलाने विचारलं, ऊर्जा नष्ट होत नाही म्हणता, मग विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची तरंगलांबी वाढते, ती ऊर्जा जाते कुठे? अख्खा वर्ग गप्प झाला आणि मला इतका आनंद झाला की तास संपल्याचं कळलंच नाही. उत्तर माहितीये, प्रसरण पावणाऱ्या विश्वात काळाची ती सममितीच (काल, आज, उद्या सगळं सारखंच असणं) नसते जिच्यातून ऊर्जेची अक्षय्यता येते, पण त्याला हे नुसतं सूत्र म्हणून नाही, समजेल असं सांगायचंय. गुरुवारपर्यंत वेळ मागितलाय. या वर्षीच्या रिपोर्टचे तक्ते तसेच पडलेत.