एक मजकूर, पाच रूपं

मी तांत्रिक पुस्तिका लिहिते, आणि त्यासाठी लागणारं साधनही आता स्वतःच बांधते आहे. मजकूर एकदाच, साध्या फाइलीत लिहायचा. त्यातून वेबपान, पीडीएफ, वर्डची फाइल, ई-पुस्तकाची ईपब फाइल आणि टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, वाचायचं मॅनपेज हे मदतपान अशी पाच रूपं निघायला हवीत. तपासणाऱ्याला वर्ड लागतं, कारण त्याला समासात शेरे मारायचे असतात. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला छापील पान हवं असतं. सर्व्हरवर काम करणाऱ्याला ब्राउझर न उघडता, आहे तिथेच उत्तर हवं असतं. या सगळ्यांना एकच माहिती मिळावी, कुणाच्या हातात जुनी आवृत्ती राहू नये, यासाठी हा खटाटोप.

मजकूर एका रूपातून दुसऱ्यात नेणारं पँडॉक हे साधन असताना हे कशाला, असं कुणीही विचारेल. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने २००६ मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प उत्तम आहे, आणि मी सगळ्यात जास्त शिकले ती त्याच्याकडूनच. पण माझ्या पुस्तिकांत धोक्याची सूचना, क्रमाने करायची कृती, बटणाचं नाव, भागाचा क्रमांक यांना प्रत्येकी वेगळी ओळख लागते. फिल्टर, म्हणजे मधे बदल करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून ते पँडॉकमध्ये जमवता येतं. मला मात्र ही ओळख वरून चिकटवलेली नको होती, मुळात हवी होती. कृतीच्या पायरीआधी तिची धोक्याची सूचना आलीच पाहिजे, नाहीतर फाइल बनूच नये, इतका कडक नियम मला घालायचा होता.

अशा साधनाच्या मध्यभागी एक झाड असतं, म्हणजे मजकुराच्या भागांची आणि उपभागांची फांद्यांसारखी रचना. वाचणारा भाग मजकुरातून झाड तयार करतो, लिहिणारे भाग त्या झाडावरून आपापलं रूप काढतात. पाच प्रकारचा मजकूर आत घेऊन पाच रूपं थेट काढायची तर २५ जोड्या सांभाळाव्या लागतील. मध्ये झाड असलं की दहा भागांत काम होतं. पण हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटत नाही. झाडात काय ठेवायचं आणि काय ठेवायचंच नाही, यावर सगळं ठरतं.

हा प्रश्न जुना आहे. जेरोम साल्ट्झर यांनी १९६४ मध्ये एमआयटीत रनऑफ हा मजकुराची मांडणी करणारा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा एकच छापणारं यंत्र डोळ्यांसमोर ठेवून ओळी जुळवणं पुरेसं होतं. त्याच घराण्यातला ट्रॉफ जो ओसाना यांनी बेल लॅब्समध्ये एका ठरावीक फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रासाठी, लिहिला, आणि त्या यंत्राच्या मर्यादा प्रोग्रॅममध्ये जागोजागी मुरल्या. ओसाना १९७७ मध्ये गेले. पुढे ब्रायन कर्निगन यांनी ट्रॉफमध्ये असा बदल केला की तो कुठल्याही एका यंत्राची भाषा न बोलता मधल्या, तटस्थ भाषेत लिहील, आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम त्यातून शेवटचं रूप काढेल. ‘यंत्रनिरपेक्ष’ ट्रॉफ म्हणतात तो हा. पण त्या मधल्या भाषेतही अक्षर कुठे बसवायचं हेच लिहिलेलं असे. अमुक ओळ म्हणजे सूचना आहे, हे तोपर्यंत हरवलेलं असायचं. ब्रायन रीड यांनी कार्नेगी मेलनमध्ये केलेल्या स्क्राइबने ते जपलं: लेखकाने ‘हे अवतरण’, ‘हे प्रकरण’ एवढंच सांगायचं, दिसण्याचे नियम वेगळ्या फाइलीत. १९८० च्या आसपासची ही गोष्ट, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोलाचा विचार तोच आहे.

म्हणून माझ्या झाडात ‘ठळक’ नावाची फांदीच नाही. लोक ठळक अक्षर निदान तीन कारणांसाठी वापरतात: बटणाचं नाव, नवी संज्ञा आणि ‘हे विसरू नका’. कागदावर तिन्ही सारखी दिसतात. पण संज्ञेची सूची करायची असते, बटणाचं नाव दुसऱ्या भाषेतल्या पुस्तिकेत तिथल्या पडद्यावर दिसतं तसंच यायला हवं, आणि तिसऱ्याचं तर बहुतेक वेळा सूचनेच्या चौकटीतच रूपांतर करायला हवं. एकदा का तिन्ही ‘ठळक’ म्हणून झाडात शिरली की परत वेगळी करता येत नाहीत.

‘पान १२ पाहा’ हेही तसंच. वेबपानाला पान क्रमांक नसतात, आणि ईपबमध्ये वाचणाऱ्याने अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. झाडात मी फक्त ‘त्या भागाकडे निर्देश’ एवढंच ठेवते. पीडीएफ लिहिणारा भाग पान क्रमांक छापतो, वेबचा भाग दुवा देतो, मॅनपेजमध्ये भागाचं शीर्षक येतं. पीडीएफमध्ये यातून एक सुंदर गाठ तयार होते. पान क्रमांक कळायला आधी पानं पडायला हवीत, आणि पानं पडायला निर्देशाची लांबी कळायला हवी. लाटेक हा पानं मांडणारा प्रोग्रॅम त्यासाठी बाजूच्या फाइलीत क्रमांक टिपून ठेवतो आणि म्हणूनच तो पुन्हा चालवावा लागतो. कधी तर ९९ चा १०० झाला की ओळ लांबते, परिच्छेद पुढच्या पानावर सरकतो, त्यामुळे पुन्हा ९९ होतो, आणि हा झोका थांबतच नाही. मी फेऱ्यांना मर्यादा घातली आहे, आणि निर्देशासाठी तीन अंकांची जागा आधीच राखून ठेवते. ओळीत किंचित मोकळी जागा दिसते, ती मला चालते.

विशेष चिन्हांबद्दल, म्हणजे एखाद्या रूपात ज्यांना आज्ञेचा अर्थ असतो त्यांच्याबद्दल, माझं मत ठाम आहे: ती झाडात जशीच्या तशी राहिली पाहिजेत, आणि त्यांना सुरक्षित करायचं काम प्रत्येक लिहिणाऱ्या भागाने अगदी शेवटी करायचं. लाटेकची दहा चिन्हं वेगळी, वेबची वेगळी, ट्रॉफची (मॅनपेज त्याच्याच भाषेत लिहिलेलं असतं) तर जागेवर ठरतात. ‘.प्रोफाइल’सारखं फाइलीचं नाव मॅनपेजच्या स्रोतात ओळीच्या सुरुवातीला आलं की ट्रॉफ त्याला आज्ञा समजतो, ती ओळखीची नाही म्हणून सोडून देतो, आणि वाचणाऱ्यापर्यंत ती ओळ पोचतच नाही. उपाय म्हणून ओळीच्या तोंडी ‘\&’ हे शून्य रुंदीचं चिन्ह घालावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ मी देवनागरीवर घालवला, आणि तो मला मनापासून आवडला. वर्डच्या फाइलीत ठळकपणा दोन ठिकाणी लिहिलेला असतो, एक लॅटिनसारख्या लिप्यांसाठी आणि एक देवनागरी, अरबीसारख्या जटिल लिप्यांसाठी. अक्षराचा आकार आणि फॉन्टही तसाच वेगवेगळा. फक्त पहिला लिहिला तर इंग्रजी शब्द ठळक होतात आणि शेजारचे मराठी साधेच राहतात. शिवाय आकार अर्ध्या पॉइंटांत मोजतात, म्हणजे १२ पॉइंटांसाठी २४ लिहायचे.

पीडीएफची तऱ्हा आणखी निराळी. त्यात अक्षरं नसतात, फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा असतात. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण काढताना आधी. त्यामुळे ‘किल्ली’ डोळ्यांना अचूक दिसते, पण शोधायला गेलं तर सापडेलच असं नाही, आणि कॉपी केली की वेलांटी शब्दाच्या तोंडाशी सुटी पडते. जोडाक्षरांचं त्याहून अवघड, कारण तिथे अनेक चिन्हांची मिळून एक आकृती झालेली असते. मी आता हार्फबझ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमकडून आकृत्या जुळवून घेते आणि प्रत्येक शब्दाला त्याचा खरा मजकूर पीडीएफमध्येच जोडून ठेवते. फाइल थोडी फुगते. पण पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर ज्यांची भिस्त आहे, त्यांना याशिवाय पुस्तिका ऐकताच येणार नाही, आणि तेवढ्यासाठी मी याहून मोठी फाइलही स्वीकारेन.

मजकूर आत घेताना ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ ही सोय बऱ्याच साधनांत असते. ती आपल्यासाठी घातक आहे. ‘दऱ्या’ मधला अर्धा र कधी कधी शून्य रुंदीच्या जोडचिन्हाने लिहिलेला असतो. ते चिन्ह गेलं की ‘र’चा रफार होतो आणि दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. माझं साधन त्या चिन्हाला हात लावत नाही.

ईपब आणि वर्ड या दोन्ही फाइली म्हणजे आतून झिप. ईपबमध्ये पहिली फाइल ‘माइमटाइप’ हीच असावी लागते, तीही न दाबलेली, आत बरोबर २० अक्षरं आणि शेवटी नवी ओळसुद्धा नाही. झिपमध्ये प्रत्येक फाइलीची वेळ नोंदवली जाते, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा चालवला तरी बाइट बदलतात आणि जुन्या निकालाशी तुलना करणाऱ्या चाचण्या फसतात. मी सगळ्या वेळा १ जानेवारी १९८० वर बांधल्या आहेत. झिपला त्याआधीची तारीख ठाऊकच नाही.

राहिले तक्ते. मॅनपेज ८० स्तंभांत, म्हणजे ओळीला ८० अक्षरांच्या जागेत, बसवायचं, आणि पाच रकान्यांचा तक्ता तिथे मावत नाही. अक्षरं मोजून रकाने जुळवावेत तर ‘क्षी’ साठवणीत चार चिन्हं आणि डोळ्यांना एक अक्षर, शिवाय वेगवेगळी टर्मिनलं त्याची रुंदी वेगवेगळी धरतात. गुपचूप रकाना कापणं मला मान्य नाही. सध्या नियम असा आहे: एखाद्या रूपात काही मावत नसेल तर साधन थांबतं, ओळ क्रमांक सांगतं आणि लेखकाला विचारतं की या तक्त्याचं यादीत रूपांतर करू का. होकार मजकुरातच नोंदवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी प्रश्न येत नाही. एकमेकांत मिसळलेल्या कप्प्यांच्या तक्त्याची अशी यादी नीट वाचता येत नाही अजून. पुढचं काम तेच आहे.